सहा आणे आठ पै : जहाजी टपालाचा हिशेब

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८६७ साली पाटीच्या रंगाचे एक तिकीट काढले. त्यावर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा आहे आणि किंमत आहे सहा आणे आठ पै. अर्धा आणा, एक आणा, दोन आणे, चार आणे अशा सरळ किमतींच्या तिकिटांत हे तिकीट पंगतीत चुकून येऊन बसलेल्या पाहुण्यासारखे वाटते. पुरते सहा आणे नाहीत, सातही नाहीत. मग सहा आणे आठ पैच का?

आमच्या पिढीने आणे-पै पाहिलेले नाहीत, म्हणून आधी कोष्टक सांगतो. बारा पैंचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया. इंग्लंडात बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. ही दोन कोष्टके हाताशी असली की पुढचा हिशेब अवघड नाही.

प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये जहाजाने जाणाऱ्या पत्रांच्या दरांचा विचार केला आहे. जुन्या लखोट्यावरचा आकडा प्रथमदर्शनी लहरी वाटतो. एका पत्राला एक शिलिंग, दुसऱ्याला दोन शिलिंग आठ पेन्स, तिसऱ्याला चार आणे! पण तो लहरी नसतो. अभ्यास करताना मला एक सूत्र सापडले ते असे : जहाजी टपालाचा दर ही एक बेरीज असते. पत्र ज्या ज्या हातांतून जाई त्या प्रत्येक हाताचा वाटा त्यात असे. हे वाटे वेगळे काढता आले की आकडा बोलू लागतो.

कप्तानाची पेनी

आगबोटी येण्यापूर्वी पत्रे शिडाच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात. या प्रवासाला चार ते सहा महिने लागत. टपालासाठी खास नेमलेल्या जहाजांखेरीज बहुतेक पत्रे व्यापारी जहाजांच्या कप्तानांकडे सोपवली जात. कप्तानाने ती बंदरावरील टपाल कचेरीत आणून द्यावीत म्हणून १७११ च्या ब्रिटिश कायद्याने त्याला पत्रामागे एक पेनी देण्याचे ठरवले. १७९९ मध्ये लंडनला जहाजी पत्रांची स्वतंत्र कचेरी निघाली. तेव्हा कप्तानाचा मोबदला दोन पेन्स झाला आणि बाहेरून येणाऱ्या पत्रावर चार पेन्स जहाजी हशील बसले. पुढे १८१५ पर्यंत हे हशील आठ पेन्सांवर गेले. हिंदुस्थान, सिलोन, मॉरिशस आणि केप येथून येणाऱ्या पत्रांना मात्र १८१९ च्या कायद्याने सवलत मिळाली : तीन औंसांपर्यंत चार पेन्स. अशा पत्रांवर बंदरात ‘इंडिया लेटर’ असा शिक्का उमटवीत.

पण ही झाली समुद्राची रक्कम. बंदरापासून पुढचे देशांतर्गत हशील निराळे, आणि ते अंतरावर ठरे. इंग्लंडात १८१२ पासून एका कागदाच्या पत्राला १५ मैलांपर्यंत ४ पेन्स, ५० ते ८० मैलांना ८ पेन्स, १२० ते १७० मैलांना १० पेन्स अशी चढती भाजणी होती. आता हिशेब करून पाहू. मुंबईहून निघालेले एका कागदाचे पत्र इंग्लंडच्या डील बंदरात उतरले व लंडनला गेले. डील ते लंडन हे अंतर ५० ते ८० मैलांच्या टप्प्यात बसते. म्हणून जहाजी हशील ४ पेन्स अधिक देशांतर्गत ८ पेन्स, एकूण १२ पेन्स म्हणजे एक शिलिंग. गंमत अशी की सातासमुद्रांच्या प्रवासाला चार पेन्स आणि शेवटच्या पाऊणशे मैलांना त्याच्या दुप्पट!

मी वर ‘एका कागदाचे’ असे मुद्दाम म्हटले. त्या काळी इंग्लंडात देशांतर्गत हशील कागदांच्या संख्येवर घेत. दोन कागद असले की दुप्पट, तीन असले की तिप्पट, आणि पत्र एक औंस भरले की चौपट. पाकीट वापरले तर तोही एक कागद धरला जाई. म्हणून लोक एकच मोठा कागद घेत, तिन्ही बाजू गच्च लिहून काढत, घडी घालून चौथ्या बाजूवर पत्ता लिहीत आणि लाखेने बंद करीत. काहीजण तर आडव्या ओळी संपल्या की कागद फिरवून त्यांच्यावरूनच उभ्या ओळी लिहीत. आज अशी पत्रे वाचताना डोळे दुखतात, पण लिहिणाराचा नाइलाज होता.

दर मजकुराला कसा वळण लावतो हे मला पुस्तकाआधी घरातच कळले होते. माझे आजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. गावी पाठवायचे कार्ड ते सोबत्याकडून लिहून घेत आणि इकडे आजी ते शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेई. आजी सांगते, कार्डावर जागा थोडी, म्हणून उत्तर सांगताना आधी मनात जुळवायचे : पहिल्यांदा म्हातारीचे दुखणे, मग पाऊसपाणी, मग पैसे. कागदाला किंमत असली की प्रत्येक ओळीला किंमत येते. ही गोष्ट लंडनच्या व्यापाऱ्याला जितकी लागू होती तितकीच माझ्या आजीला.

आणखी एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. १८४० पूर्वी पैसे बहुधा पत्र घेणारा देई. ज्याला आपण नॉटपेड म्हणतो ती तेव्हाची सर्वसाधारण रीत होती. ब्रिटिश टपालात वसूल करावयाची रक्कम काळ्या शाईने आणि आधीच भरलेली रक्कम तांबड्या शाईने लिहीत. त्यामुळे लखोट्यावरचा आकडा वाचण्याआधी शाईचा रंग पाहावा. पैसे कोणी दिले हे रंगच सांगतो.

वाळवंटातून वाट

मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि तांबड्या समुद्रातून साधारण ३३ दिवसांत सुएझला पोहोचली. कोळसा घेण्यासाठी वाटेत थांबण्यात बराच वेळ गेला, तरीही केपच्या वाटेपुढे हा वेग विलक्षण होता. त्याच सुमारास टॉमस वॅगहॉर्न हा इंग्रज इजिप्तमधून पत्रे नेण्याची खटपट करीत होता. व्यापारी आपल्या पत्रांवर त्याचे नाव घालून ती त्याच्या हवाली करीत. १८३९ मध्ये कंपनी सरकारने एडन घेतले आणि वाटेतल्या कोळशाची सोय झाली.

सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला. तोवर टपाल सुएझला उतरवून वाळवंटातून कैरोला, तेथून नाईल नदी व कालव्याने अलेक्झांड्रियाला नेत आणि तेथे दुसऱ्या आगबोटीवर चढवीत. १८५८ मध्ये सुएझपर्यंत रेल्वे पुरी झाल्यावर उंटांचे काम संपले.

अलेक्झांड्रियापासून इंग्लंडला जायला दोन वाटा होत्या. एक वाट सबंध समुद्राची, जिब्राल्टरला वळसा घालून साउदॅम्प्टनला. ही स्वस्त, पण लांबची. दुसरी वाट फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरात उतरून फ्रान्समधून जमिनीवरून. या वाटेने काही दिवस वाचत. लंडनच्या व्यापाऱ्याला साउदॅम्प्टनची आगबोट चुकली तरी मागाहून मार्सेल्समार्गे पत्र टाकून अलेक्झांड्रियाला तेच टपाल गाठता येई. मात्र फ्रान्सची भूमी फुकट ओलांडता येत नसे. फ्रेंच टपालाचा वाटा द्यावा लागे. म्हणून पाठवणारा लखोट्याच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने ‘मार्सेल्समार्गे’ किंवा ‘साउदॅम्प्टनमार्गे’ असे लिही. हे दोन शब्द दर उलगडण्याची किल्ली आहेत.

अर्धा औंस आणि पाव औंस

१० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणे अर्ध्या औंसाच्या देशांतर्गत पत्राला एक पेनी असा सर्वत्र सारखा दर झाला. कागद मोजणे थांबले आणि वजन करणे सुरू झाले. जहाजी पत्रांनाही अर्धा औंस हेच माप लागू झाले. १८४० नंतरच्या दशकात साउदॅम्प्टनमार्गे हिंदुस्थानच्या पत्राला अर्ध्या औंसाला एक शिलिंग पडे.

येथवर सोपे आहे. घोळ होतो तो मार्सेल्सच्या वाटेवर. १८४३ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांच्यात टपालाचा करार झाला. त्यानंतर फ्रान्सचा वाटा दहा पेन्स असे, पण तो पाव औंसाला. म्हणजे एकाच पत्राला दोन मापे! पत्र पाव औंसाच्या आत असेल तर ब्रिटिश वाटा एक शिलिंग, फ्रेंच वाटा दहा पेन्स, मिळून एक शिलिंग दहा पेन्स. तेच पत्र पाव औंसाहून थोडे जड झाले की ब्रिटिश वाटा तोच राही, कारण अर्धा औंस अजून भरलेला नाही. फ्रेंच वाटा मात्र दोनदा, म्हणजे वीस पेन्स लागे. एकूण बत्तीस पेन्स म्हणजे दोन शिलिंग आठ पेन्स. आरंभी ज्या चमत्कारिक आकड्याचा उल्लेख केला तो असा फुटतो. ब्रिटनने १८४७ मध्ये एक शिलिंगाचे आणि १८४८ मध्ये दहा पेन्सांचे उठावदार छाप्याचे तिकीट काढले. ही दोन तिकिटे शेजारी शेजारी लावलेले लखोटे आढळतात. त्यांत दोन देशांचे वाटे अक्षरशः वेगवेगळे चिकटवलेले दिसतात.

वजनाची आणखी एक खोच आहे. ब्रिटिश पद्धतीत अर्ध्या औंसाला एकपट व एक औंसापर्यंत दुप्पट दर असे. त्यापुढे मात्र अर्ध्या औंसाची पायरी नव्हती, एकदम दोन औंसांपर्यंत चौपट. १८६० च्या दशकापर्यंत तिप्पट दर असा नव्हताच. सव्वा औंसाच्या पत्रावर चौपट तिकिटे पाहून पाठवणाराने उदारपणे जास्त पैसे लावले असे समजू नये.

इकडे हिंदुस्थानात देशी टपालाचे माप तोळा होते. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन आणि अर्धा औंस म्हणजे पावणेदोनशे नव्हे, जवळजवळ २१९ ग्रेन, अर्थात सव्वा तोळ्याला किंचित कमी. १८५४ पूर्वी देशी हशीलही अंतरावर ठरे. १८३७ च्या दरपत्रकात कलकत्ता ते मुंबई तोळ्याला एक रुपया होता. मुंबईची आगबोट गाठायची तर मुंबईपर्यंतचा हा खर्च वेगळा. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर पाव तोळ्याला अर्धा आणा हा सारखा दर आला, अंतर कितीही असो.

कोड्याचे उत्तर

आता त्या पाटीच्या रंगाच्या तिकिटाकडे वळू. टपालाच्या हिशेबात तेव्हा एक रुपया दोन शिलिंगांबरोबर धरीत. म्हणजे सोळा आणे बरोबर चोवीस पेन्स, आणि एक आणा बरोबर दीड पेनी. साउदॅम्प्टनमार्गे अर्ध्या औंसाचा दर १८५० च्या दशकाच्या मध्यास सहा पेन्सांवर आला होता. त्याचे चार आणे झाले. मार्सेल्समार्गे १८६० च्या दशकात अर्ध्या औंसाला दहा पेन्स पडत. दहाला दीडने भागले की सहा आणि दोन-तृतीयांश आणे येतात. दोन-तृतीयांश आणा म्हणजे आठ पै. सहा आणे आठ पै! तो आकडा मुंबई-कलकत्त्यात कुणी ठरवला नव्हता. तो लंडन व पॅरिस यांच्या हिशेबात तयार झाला आणि आण्यांत उतरताना तसा तुटक झाला.

दर नेहमी उतरतच गेले असेही नाही. १८६८ मध्ये पी. अँड ओ. कंपनीच्या नव्या कंत्राटाने मुंबईला दर आठवड्याला टपाल येऊ लागले. त्याचा खर्च वाढला तो पत्रांवर पडला. साउदॅम्प्टनमार्गे नऊ पेन्स आणि मार्सेल्समार्गे तेरा पेन्स. दीडने भागल्यास सहा आणे आणि आठ आणे आठ पै.

हे दर कोणाला परवडत?

केवळ आकड्यांच्या जुळणीवर थांबलो तर हा अभ्यास कोडी सोडवण्यापलीकडे जाणार नाही. आठ आणे म्हणजे किती हा खरा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पायदळातील देशी शिपायाचा पगार महिना सात रुपये होता, म्हणजे दिवसाला पावणेचार आणे. एक शिलिंग म्हणजे आठ आणे, त्याची दोन दिवसांहून अधिक कमाई. मार्सेल्समार्गे पाव औंसाचे पत्र चौदा आणे आठ पैंचे, त्याची जवळजवळ चार दिवसांची कमाई. समुद्रापलीकडचे पत्र हे सरकारचे, सावकाराचे आणि साहेबाचे काम होते यात नवल नाही.

सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. १८४७ मध्ये महाराज काशीला निवर्तले, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. हे सारे घडत होते ते याच एक शिलिंग आणि एक शिलिंग दहा पेन्सांच्या काळात. पदरी द्रव्य नसलेल्या वकिलाला प्रत्येक कागद तोलून पाठवावा लागे हे आता आपल्याला दरपत्रकावरून कळते. ज्या दरबाराविरुद्ध तो लढत होता त्याला मात्र टपालाची चिंता नव्हती. न्याय मागणाऱ्याच्या वाटेतील अनेक अडसरांपैकी टपालाचा खर्च हाही एक होता असे मला वाटते.

बेरीज संपते

बेरजेची ही पद्धत मोडली ती बर्न येथे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी तेथे अनेक देशांनी करार करून सर्वसाधारण टपालसंघ स्थापला. १८७८ पासून त्याला जागतिक टपालसंघ म्हणू लागले. सभासद देशांमध्ये पंधरा ग्रॅमच्या पत्राला ठरावीक दर, लांबच्या सागरी प्रवासाबद्दल जादा आकार घेण्याची मुभा, आणि महत्त्वाचे म्हणजे जो देश पत्र घेतो तोच पैसे ठेवतो. प्रत्येक पत्राचे वाटे पाडणे संपले. हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी या संघात आला.

याचा अर्थ महाराष्ट्राला लवकरच दिसला. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्नीच्या शिक्षणाबद्दल पत्र लिहिले. ते तिकडच्या एका नियतकालिकात छापले गेले आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोसेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले. तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली, आणि १८८३ मध्ये आनंदीबाई वैद्यक शिकायला अमेरिकेस गेल्या. या घटनेचे श्रेय आनंदीबाईंच्या जिद्दीलाच आहे. पण टपालातील एका नोकरदाराच्या घरातून अमेरिकेतील अनोळखी बाईशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालू शकला, त्यामागे हा करारही उभा होता.

१ जानेवारी १८९१ पासून इंग्लंडच्या पत्राचा दर अडीच आणे झाला. घाईने साडेचार आण्यांच्या तिकिटांवर अडीच आण्यांचा छाप मारून ती विकण्यात आली. शेवटी २५ डिसेंबर १८९८ रोजी साम्राज्यातील पेनी टपाल सुरू झाले : अर्ध्या औंसाला इंग्लंडात एक पेनी, हिंदुस्थानात एक आणा. पूर्वी एक आणा दीड पेनीचा होता, मग आता बरोबर कसा? चांदी उतरल्यामुळे रुपयाची किंमत तोवर सोळा पेन्सांवर आली होती, म्हणून आणा आणि पेनी एकमेकांशी जुळले. १८९५ नंतर शिपायाचा पगार नऊ रुपये होता. त्याच्या एका दिवसाच्या कमाईत आता अशी जवळजवळ पाच पत्रे गेली असती.

जुना लखोटा हाती आला तर

शेवटी अभ्यासूंसाठी पाच प्रश्न देतो. पत्र कोणत्या वर्षीचे? ते कोणत्या वाटेने गेले? वजन किती, आणि ते कोणत्या मापाने धरले? पैसे कोणी दिले, पाठवणाऱ्याने की घेणाऱ्याने? आणि आकडा कोणत्या चलनात आहे? या पाचांची उत्तरे मिळाली की बहुतेक बेरजा सुटतात.

आणि एक विनंती. कुणाच्या घरी माळ्यावर, जुन्या पेटीत असा लखोटा निघालाच तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नये. सुट्या तिकिटाने वहीचे पान सजते, पण तिकीट, शिक्का, शाईचा आकडा आणि कोपऱ्यातला ‘मार्गे’ हा शब्द एकाच कागदावर राहिले तरच ते पत्र कोणत्या हातांतून आले आणि ते पाठवणे कोणाला किती जड गेले हे सांगता येते.